बसलेला बैल उठवायचा की ठेवायचा?

प्रश्न : सर, आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. गावाला लागून काही वर्षांपूर्वी ले-आउट पडलं. शेत विकून आलेले, नोकरीवाले, दोन-चार मास्तर अशी पन्नासेक घरं झाली. मधल्या ओपन स्पेसमध्ये ग्रामपंचायतीने मागच्या वर्षी भंगाराचा बैल बसवला. गावचाच पोरगा नागपूरला कला शिकला, त्याने केला. पण बैल उभा नाही, बसलेला आहे, आणि मानेवर जू तसंच! माझं घर अगदी समोर. सडा टाकायला दार उघडलं की पहिलं दर्शन त्याचं. लोक म्हणतात, बसका बैल अपशकुनी. त्याच्या अंगावरून लाल पाणी वाहून फरशी खराब होते. तो काढून हनुमानाचं मंदिर बांधा. पोरं म्हणतात, महापुरुषाचा पुतळा बसवा. आमचीही जोडी गेल्या दिवाळीत विकली, तेव्हापासून मला तो पाहवत नाही. काढता येईल का आणि कसा?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पत्र वाचलं आणि रविवारी गाडी काढून बैल पाहून आलो. तुमच्या घरी मुद्दाम आलो नाही. चहा पिऊन वर मत द्यायचं म्हणजे मला अवघड जातं.

आधी बैल. बंडीच्या चाकांच्या धावा, म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्या, वाकवून त्याच्या फासळ्या केल्या आहेत. खांद्यावर वखराच्या पासा, म्हणजे लोखंडी पाती, कौलांसारख्या एकीवर एक बसवल्या आहेत. शिंगं म्हणजे नांगराचे दोन फाळ. डोळ्याच्या जागी बेअरिंग आहे आणि त्यातल्या गोळ्या अजून फिरतात. मी उभा होतो तेव्हा एक चिमुकली बोटाने तो डोळा गरगर फिरवत होती. पोरांनी बसून बसून पाठ अशी गुळगुळीत केली आहे की तिथे गंज औषधालाही नाही. जू मात्र खरं आहे, बाभळीचं, शिवळांच्या खुंट्यांसकट. कपाळावर हळदकुंकवाचा वाळलेला थर दिसला. पोळ्याचा असावा. म्हणजे ले-आउटमधलं कुणीतरी या अपशकुनी बैलाला ओवाळून गेलं आहे. कोण, ते तुम्हाला माहीत असेल.

छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, त्या अनुभवावर सांगतो : काम चांगलं आहे. मागचे पाय थोडे फसलेत, पण मान खाली घातलेल्या बैलाचा खांदा कसा पुढे येतो, हे पाहिल्याशिवाय जमत नाही. ते त्या पोराने पाहिलेलं आहे.

लोक बिथरले त्यात मला काही चूक वाटत नाही. जुंपलेला बैल वावरात बसला तर आपण पहिल्यांदा काय करतो? जोतं सोडतो, जू उतरवतो, मग पाणी दाखवतो. इथे बैल बसून वर्ष होत आलं आणि जू कुणी काढलं नाही. गावच्या माणसाला हे टोचणारच, शहरातल्या पाहुण्याला टोचणार नाही, तो फोटो काढून जाईल. पोराने हे मुद्दाम केलं की नकळत, हे तुम्ही कुणी त्याला विचारलं का? पत्रात सगळ्यांची मतं आहेत, फक्त त्याचं नाही.

आता मंदिराचं. ओपन स्पेस सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची असते. सार्वजनिक रस्ते, बागा आणि इतर सार्वजनिक जागांवर विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. त्याच प्रकरणात १८ जानेवारी २०१३ ला न्यायालयाने रस्ते, फुटपाथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागी पुतळे उभारायलाही मनाई केली. शिवाय थोर व्यक्तीच्या पुतळ्यासाठी राज्य सरकारची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, पोलिसांचा अभिप्राय लागतो, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं. एका रात्रीत चौथरा बांधून सकाळी हार घालणारी पोरं पुढे दहा वर्षं तारखा करतात. तुमचा बैल काही कुणा थोर व्यक्तीचा पुतळा नाही आणि रस्त्यातही बसलेला नाही. तरी ग्रामपंचायतीचा ठराव आणि ले-आउटचा मंजूर नकाशा एकदा डोळ्याखालून घाला. ठरावच झाला नसेल तर वादाचं मूळ तिथेच सापडेल.

काढता येईल का? ग्रामसभेत विषय घेऊन, ठराव करून हलवता येईल. पण गॅस-कटर लावून भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल या शिल्पकाराचं कांस्याचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं, त्यात मोडतोड झाली. सहगल कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि सरकारला ५ लाख रुपये नुकसानभरपाई भरायला सांगितली. शिल्प सरकारने पैसे देऊन घेतलेलं होतं, तरीही! कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे काम विकल्यानंतरही कलाकाराचा त्यावर एक हक्क राहतो : त्याची नाचक्की होईल अशी मोडतोड करायची नाही. मात्र ते मांडूनच ठेवलं पाहिजे, अशी सक्ती हे कलम करत नाही. तेव्हा दुसऱ्या जागी नीट हलवणं आणि तोडणं यांत कायदा फरक करतो. बैलाला बाजाराच्या पटांगणात नेता येईल. शाळेत नको, तिथे दोन महिन्यांत ऑइलपेंट चढेल. माझ्या पहिल्या शाळेत मी मुलांकडून सिमेंटचे गांधीजी करवून घेतले होते. दर २६ जानेवारीला शिपाई त्यांना नवा हात मारायचा. बाराव्या वर्षी चष्मा कुठे संपतो आणि नाक कुठे सुरू होतं, ते मलाही सांगता येईना.

लाल पाण्याची तक्रार अगदी बरोबर आहे आणि ती बैल न हलवता मिटते. परदेशात मुद्दाम गंजणाऱ्या पोलादाची शिल्पं करतात. त्या पोलादावर गंजाचाच घट्ट थर बसतो आणि आतलं लोखंड बरंच वाचतं. आपल्या वखराच्या पासा तशा नाहीत, त्या पोखरत जातात. तुमच्या बैलाच्या पोटाखाली दोन धावा जुळतात तिथे पाणी साचतं, बोट घातलं तर खपल्या हातात आल्या. मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हापासून मी कुठल्याही शिल्पाचा आधी पाया आणि सांधे बघतो, चेहरा नंतर. पोराला सांगून पोटाखाली पाणी वाहून जायला दोन भोकं पाडून घ्या, सुटलेलं वेल्डिंग पुन्हा मारून घ्या. शिंगांची टोकं घासून बोथट करा, ती नेमकी चार वर्षांच्या लेकराच्या डोळ्यापाशी येतात.

आणि जू. याबद्दल मी ग्रामसभेला सल्ला देणार नाही, तुम्हाला देतो. येत्या पोळ्याला खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात तेव्हा, त्या पोराला बोलवा आणि त्याच्यादेखत जू उतरवून बैलाच्या बाजूला ठेवायचं का, ते त्यालाच विचारा. तो नाही म्हणाला तर का, ते ऐकून घ्या. तुमची जोडी विकल्याचंही त्याला सांगा. मला पत्रात लिहिलंत, तो तर गावातलाच आहे.

गंजासाठी मृग लागायच्या आत तारेच्या ब्रशने बैल घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. घाणीचं कच्चं तेल लवकर वाळत नाही, हार्डवेअरच्या दुकानातून उकळलेलं आणा. एक हात पूर्ण वाळला की दुसरा. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कुटाराच्या ढिगाजवळ टाकू नका. जवसाच्या तेलाचे बोळे आतल्या आत तापून आपोआप पेटतात. बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवा.