वाचकांचे प्रश्न : रेडिओ कंट्रोल विमान शिकताना

प्रश्न : वय ४८, अमळनेरला दुकान आहे. रेडिओवर चालणारं विमान उडवायला शिकायचंय. लढाऊ विमानाचं एक देखणं मॉडेल मनात भरलंय. घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. त्या मॉडेलचे पंख आखूड असतात. वेग थोडा कमी झाला की ते एका अंगावर कलंडतं, आणि वेगात असताना नवख्याला विचार करायला सवडच देत नाही. पहिलं विमान ट्रेनरच घ्या. पंख धडाच्या वर बसवलेला, त्याची दोन्ही टोकं किंचित उचललेली, पंखविस्तार १.२ मीटरच्या आसपास, वजन ७०० ते ८०० ग्रॅम. असं विमान थोडं कललं तर ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) स्टिक सोडल्यावर बरंचसं आपोआप सावरतं. फोम ईपीपीचा (लवचीक जातीचा) बघा. आपटल्यावर तो दबतो, थर्माकोलसारखे त्याचे तुकडे होत नाहीत.

सुटे भाग जोडणार असाल तर या मापाला २२१२ आकाराची १००० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्यांची) ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), ९ ग्रॅमचे चार सर्वो (पंख-शेपटीच्या हलत्या फळ्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), १० बाय ४.५ इंची प्रोपेलर आणि २२०० एमएएचची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुरते. प्रोपेलर चार-पाच जास्तीचे आणा, उतरताना तेच आधी मोडतात. पैसे वाचवायचे असतील तर विमानात वाचवा, ट्रान्समीटर आणि चार्जरमध्ये नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा सहा चॅनेलचा (सहा वेगळ्या हालचाली चालवणारा) ट्रान्समीटर पुढच्या चार विमानांनाही चालेल. तो यूएसबी केबलने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर निदान दहा तास हात बसवा आणि मगच शेतात जा.

प्रश्न : हातातून सोडलं की विमान नाक वर करतं, क्षणभर थबकतं आणि डाव्या पंखावर कोसळतं. मोटर कमी पडते का? (भुसावळ)

उत्तर : मोटरला दोष देण्याआधी तोल बघा. या लक्षणांवरून शेपूट जड वाटतं. बॅटरी जागेवर बसवा. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर दोन्ही बाजूंना खालून पेनाने खूण करा. रुंदी २० सेंटिमीटर असेल तर ही खूण ५ ते ६ सेंटिमीटरवर येईल. त्या खुणांवर दोन बोटांची टोकं टेकवून विमान उचला. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं तर बॅटरी पुढे सरकवा, तेवढ्याने भागलं नाही तर नाकात शिशाचा तुकडा चिकटवा. ट्रिम (ट्रान्समीटरवरची बारीक दुरुस्ती) देऊन हा दोष झाकू नका. शेपूट जड असलं की एलिव्हेटरच्या (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या) जराशा हालचालीनेही नाक वर उसळतं, पंखावरची हवा सुटते आणि पंख उचल देणं थांबवतो. त्याला स्टॉल म्हणतात.

डावीकडेच का, तर मागून पाहिल्यास प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलंडवते. वेग कमी आणि थ्रॉटल (मोटरची गती) पूर्ण, म्हणजे हा जोर सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून थ्रॉटल ७० टक्के ठेवा आणि वाऱ्याच्या समोर, खांद्याच्या उंचीवरून विमान सरळ आडवं ढकला. बरेच जण ते आकाशाकडे फेकतात, तिथेच घात होतो. शक्यतो फेकायला दुसऱ्याला सांगा, तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर हवेत.

आणखी एक तपासणी दर वेळी करा. विमानामागे उभं राहून स्टिक उजवीकडे न्या. उजव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलती फळी) वर आणि डाव्याचं खाली गेलं पाहिजे. उलट होत असेल तर ट्रान्समीटरमध्ये तो चॅनेल रिव्हर्स करा.

प्रश्न : मे महिन्यात बॅटरी फुगली. वापरू का? (शहादा)

उत्तर : नाही. फुगलेल्या सेलला टोचू नका, दाबू नका. मोकळ्या जागी १२ व्होल्टचा गाडीचा लहान बल्ब जोडून ती पूर्ण रिकामी होऊ द्या आणि ई-कचऱ्यात द्या.

आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हातल्या दुचाकीच्या डिकीत किंवा बंद गाडीत त्याहून बराच वर. बॅटरी थर्माकोलच्या डब्यात न्या. उड्डाणानंतर हाताला गार लागेपर्यंत चार्जिंगला लावू नका. २२०० एमएएचला चार्जिंग २.२ अँपिअरने, बॅलन्स मोडमध्येच (सगळे सेल सारखे भरतात तो) करा. फरशीवर ठेवून करा, गादीवर नाही, आणि तिथून उठून जाऊ नका. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. तशीच आठवडाभर ठेवलेली बॅटरीही फुगते. दोन दिवसांत उडवणार नसाल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. सुरुवातीला टायमर ५ मिनिटांचा लावा. उतरल्यावर सेल ३.७ व्होल्टच्या आसपास मिळाला तर टायमर बरोबर आहे.

प्रश्न : कुठे आणि कधी उडवावं? परवाना लागतो का? (धुळे)

उत्तर : २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २ किलोपर्यंतचं विमान हौसेने उडवायला पायलट परवाना लागत नाही. हरित क्षेत्रात (सरकारी नकाशावरच्या हिरव्या भागात) ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट, आणि त्याच्या आत पूर्वपरवानगी. जागा आधी डिजिटल स्काय नकाशावर तपासा आणि नोंदणीचे सध्याचे नियमही वाचा. जळगाव विमानतळ, धुळ्याची गोंदूर धावपट्टी, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी यांच्या आसपास जाऊच नका.

शिकायला पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं कापसाचं वावर चांगलं, मालकाला विचारून. शेजारी केळीची बाग नको. आत पडलेलं विमान सापडता सापडत नाही, शिवाय ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात. विजेच्या तारांपासून निदान शंभर मीटर लांब राहा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तो वारा नवख्यासाठी नव्हे.

उजाडल्यापासून आठपर्यंतची वेळ गाठा. नंतर काळी जमीन तापते, हवा वर उसळते आणि उन्हाळ्यात वावटळी उठतात. वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा जास्त वाटला तर त्या दिवशी परत या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिकायला सर्वांत उत्तम.

प्रश्न : विमान माझ्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, हात गोंधळतो. (चोपडा)

उत्तर : जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्या. तो उचलला जाईल. एवढंच धरून ठेवा, डावं-उजवं मनात उलटवत बसू नका. हे ४० मीटर उंचीवर करा, म्हणजे चूक सुधारायला जागा राहते. गोंधळलातच तर थ्रॉटल निम्म्यावर आणा आणि स्टिक सोडा. ट्रेनर स्वतःच सावरेल.