मामानं हाय खाल्ली म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न: मी लातूरकडची, सध्या नोकरीला पुण्यात. परवा आई फोनवर म्हणाली, "सोयाबीन गेलं अन् तुझ्या मामानं हाय खाल्ली." रूममेटनं अर्थ विचारला तर मला नीट सांगताच येईना. धसका घेतला म्हणलं तर चालतं का? अन् 'हाय लागली' म्हणतात ते पण हेच का?

उत्तर: ताई, 'मामा घरी हाय का' मधलं हाय म्हणजे आहे, ते बाजूला ठेवा. ही हाय म्हणजे दुःखात तोंडातून आपोआप निघते ती, हाय हाय. अन् ती खाल्ली म्हणजे बाहेर न टाकता आत गिळली, मला तरी ते असंच वाटतं. जबर धक्का बसून माणूस मनातून खचला, उमेदच गेली, असा अर्थ.

धसका वेगळा, त्यात भीती असते. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, त्यानंतर ज्यांची घरं धड उभी होती ती माणसं पण कितीतरी रात्री अंगणात झोपायची, रस्त्यानं ट्रक गेला अन् भांडी वाजली तरी लेकरं उचलून बाहेर पळायची, हा धसका. पण ज्यांचं घरचं माणूस ढिगाऱ्याखाली गेलं अन् नंतर जे बोलायचेच बंद झाले, खंगत गेले, त्यांनी हाय खाल्ली. धसक्यातला माणूस दचकतो, हाय खाल्लेला गप बसतो.

'हाय लागणे' मात्र अगदी उलटं, त्यात हाय दुसऱ्याची असते. गरिबाचं खाल्लं तर त्याची हाय लागंल म्हणतात, म्हणजे तळतळाट. आणि हल्ली बरेच जण 'हाय मोकलून रडली' लिहितात ते चूक, तिथं धाय पाहिजे, धाय मोकलून.

आता तुमच्या मामाचं. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की उभ्या सोयाबीनच्या शेंगेतच कोंब फुटतात, शेंग सोलली की हातात दाण्याऐवजी बुरशीचा काळा चिकटा येतो. वर्षाचा खर्च तिथंच गेलेला असतो. तुमच्या आईनं शब्द उगं वापरलेला नाही. रूममेटला अर्थ नंतर सांगा, आधी मामीला फोन करून विचारा मामा नीट जेवतेत का, कारण हाय खाल्लेला माणूस पहिल्यांदा ताटावरून अर्धवट उठतो.