लिबरऑफिस पेन ड्राइव्हवर वाटलं तर गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी बारा कॉम्प्युटरांचा क्लास, सगळ्यांवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) आणि लिबरऑफिस (एमएस ऑफिससारखा मुक्त संच). मुलांना घरी सराव करता यावा म्हणून तुम्ही तेच पेन ड्राइव्हवर भरून देता आणि पन्नास रुपये जास्त घेता. शेजारच्या गावातल्या क्लासवर पायरसीवरून छापा पडला, तेव्हापासून तुम्हाला घोर लागलाय. 'फुकट असलं तरी कॉपीराइट असतोच ना?'

असतो. आणि तो आहे म्हणूनच तुम्ही निर्धास्त राहू शकता. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं सॉफ्टवेअर, बेवारस नसतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो, म्हणजे थेट कादंबरीच्या पंगतीला. मालकाच्या परवानगीशिवाय प्रत काढली की उल्लंघन. फरक एवढाच, की इथे मालकाने ती परवानगी सगळ्या जगाला आधीच लेखी देऊन ठेवलेली असते. तिलाच लायसन्स म्हणायचं. ज्या कलमाची तुम्हाला धास्ती आहे ते ६३-ब. त्यात किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, पण तो उल्लंघन करून काढलेली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला. तुमची प्रत परवानगीची आहे.

मी एका शिक्षणसंस्थेच्या लॅब सांभाळतो. एका वर्षी ऑडिटर लिबरऑफिसच्या बिलावर अडून बसले. 'बिल नाही म्हणजे चोरीचं,' असा त्यांचा सरळ हिशेब. मी हेल्प मेनूतलं 'लायसन्स इन्फर्मेशन' उघडून दाखवलं, लायसन्सची प्रिंट काढली, डाउनलोडची तारीख टाकून सही केली आणि डेड स्टॉक रजिस्टरला किंमत शून्य रुपये अशी नोंद घातली. त्या शून्यावर त्यांचं समाधान झालं. तुम्हीही अशी एक फाइल करून टेबलाच्या खणात ठेवा. तपासणीला येणाऱ्या माणसाला कागद लागतो.

आता अशा लायसन्सच्या अटी कोर्टात टिकतात का? यावरचा सगळ्यात गाजलेला खटला खेळण्यातल्या रेल्वेवरून झाला. (तो नाद असलेल्यांना 'खेळणं' म्हटलेलं खपत नाही, पण असो.) अमेरिकेत बर्कलीला रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छोट्या इंजिनांतल्या चिपला वेग, दिवे, आवाज शिकवणारा एक प्रोग्राम ते आणि इतर हौशी मंडळी मिळून लिहायची आणि वाटायची. अट इतकीच, की लेखकाचं नाव आणि कॉपीराइटची सूचना काढायची नाही, बदल केलात तर तसं नोंदवायचं. केट्झर नावाच्या गृहस्थांच्या कंपनीने त्यातल्या फायली उचलल्या, नावं पुसली आणि आपल्या विकाऊ प्रोग्राममध्ये घातल्या. वर त्याआधी स्वतःचं पेटंट पुढे करून त्यांनी जेकबसन यांच्याकडेच पैसे मागितले होते! चोराच्या उलट्या बोंबा.

जेकबसन २००६ साली कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने म्हटलं, हा फार तर करारभंग, कॉपीराइटचा भंग नव्हे. इथेच मेख होती. करारभंगात नुकसानभरपाई मागायची, पण फुकट वाटलेल्या वस्तूचं नुकसान मोजणार किती? १३ ऑगस्ट २००८ला अपिलाच्या कोर्टाने ते फिरवलं. लायसन्समध्ये 'प्रोव्हायडेड दॅट' असे शब्द होते, आपल्या भाडेकरारातल्या 'परंतु अट अशी की' सारखे. अट मोडली की परवानगीच संपली, आणि परवानगीविना केलेली कॉपी म्हणजे कॉपीराइटचा भंग. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचं काही हितच नाही असं होत नाही, हेही कोर्टाने बजावलं. २०१०मध्ये १ लाख डॉलरवर तडजोड झाली.

अमेरिकेतला निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. पण त्यांना जे भांडून मिळवावं लागलं ते आपल्याकडे कलम ५१मध्ये छापलेलंच आहे: परवानगी नसताना 'किंवा परवानगीच्या अटी मोडून' केलेलं कृत्य हे उल्लंघन. मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही नुसतं वापरता त्याची काळजी सोडा. अटी लागू होतात वाटताना, आणि लक्ष द्यायचं ते तिथे.

पहिला खड्डा 'फुकट' या शब्दाचाच. फुकट मिळतं ते सगळं मुक्त नसतं. टीमव्ह्यूअर (दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचा प्रोग्राम) घरगुती वापराला फुकट आहे, क्लासच्या धंद्याला नाही. फायली दाबून लहान करणारं विनरार तर ४० दिवसांच्या चाचणीपुरतंच आहे, मग भले ते पुढे वर्षानुवर्षं उघडत राहो. छाप्याची भीती असेल तर आधी हे शोधून काढा. विनरारच्या जागी तेच काम करणारं मुक्त सेव्हन-झिप टाका.

दुसरा खड्डा नावाचा. प्रोग्राम मुक्त असला तरी त्याचं नाव आणि चिन्ह हा ट्रेडमार्कचा वेगळा मामला असतो. उबुंटू जसंच्या तसं वाटायला हरकत नाही, पण आत फेरफार करून, क्लासचा लोगो चिकटवून 'उबुंटू' म्हणूनच वाटायचं असेल तर उबुंटू बनवणाऱ्या कंपनीची संमती लागते. अशाच नाव-चिन्हाच्या वादावरून डेबियन या उबुंटूसारख्याच मुक्त सिस्टिमवाल्यांनी २००६मध्ये आपल्याकडच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नव्याने बारसं करून 'आइसवीझल' असं नाव ठेवलं होतं, ते २०१६पर्यंत टिकलं. तुम्ही लोगो बाहेरून, पेन ड्राइव्हवर चिकटवा.

राहिले तुमचे पन्नास रुपये. बिनधास्त घ्या, जीपीएल (उबुंटूतल्या बऱ्याच प्रोग्रामचं लायसन्स) विकायला मना करत नाही. मात्र पैसे घेऊन प्रत दिली की सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) मागणाऱ्याला तो मिळण्याची सोय तुम्हाला करावी लागते. म्हणून वाटताय त्याच आवृत्तीचा सोर्स एकदा उतरवून एखाद्या जुन्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि प्रत्येक पेन ड्राइव्हबरोबर चिठ्ठी द्या: 'यातील प्रोग्रामचा सोर्स कोड ३ वर्षांपर्यंत कोणालाही कॉपीच्या खर्चात क्लासमध्ये मिळेल.' तीन वर्षांची मुदत जीपीएलच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीतली आहे. २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत तर पहिल्या चुकीला माफी आहे, नोटीस आल्यापासून ३० दिवसांत सुधारलं की परवानगी पूर्ववत होते. चिठ्ठीवर तारीख टाकायला विसरू नका. आणि सोर्स मागायला खरंच कोणी विद्यार्थी आला, तर त्याची पुढची फी माफ करा.