‘मृत लस’, ‘निष्क्रिय लस’ की आणखी काही?

प्रश्न असा: ‘इनअ‍ॅक्टिव्हेटेड व्हॅक्सिन’ला मराठीत ‘मृत लस’ म्हणावं, ‘निष्क्रिय लस’ म्हणावं, की ‘विषाणू नष्ट करून बनवलेली लस’? तिन्ही प्रयोग छापलेले दिसतात.

‘निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस’ असं लिहावं. लांबलचक वाटलं तरी यातला एकही शब्द गाळू नये. ‘निष्क्रिय लस’ वाचून लसच निकामी असल्यासारखं वाटतं. निष्क्रिय असतो तो विषाणू. ‘केलेल्या’ हवंच, कारण शरीरात आपणहून दडून बसलेल्या विषाणूलाही बरेच जण निष्क्रिय म्हणतात. उदाहरणार्थ, कांजिण्या बऱ्या झाल्यावर चेतापेशींत राहणारा आणि पुढे कधीतरी नागीण होऊन उठणारा विषाणू. त्याला ‘सुप्त’ म्हणावं. ‘मृत’ बोलताना चालून जातं. ‘नष्ट’ मात्र साफ चूक आहे, आणि ती का, हे नीट पाहण्यासारखं आहे.

लसीसाठी विषाणूची पेशीत शिरून वाढण्याची क्षमता घालवायची असते, पण बाहेरचं रूप शाबूत ठेवायचं असतं. प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी शरीरातली प्रथिनं) त्याच रूपाविरुद्ध तयार व्हायला हवीत. पोलिओचा विषाणू ५६ अंश सेल्सिअसला तापवला की संसर्गक्षमता जाते. पण त्याबरोबर आतला आरएनए (विषाणूचा जनुकीय साठा) आणि व्हीपी४ हे प्रथिन बाहेर पडतं, रिकाम्या कवचाचा पृष्ठभाग बदलतो आणि ‘डी’ प्रतिजनाचं ‘सी’ प्रतिजन होतं (प्रतिजन म्हणजे प्रतिपिंडं ज्याला ओळखतात तो भाग). ‘सी’विरुद्धची प्रतिपिंडं अखंड विषाणूला अडवत नाहीत. म्हणजे विषाणू निष्क्रिय झाला खरा, पण लस म्हणून वाया गेला. म्हणूनच टोचायच्या पोलिओ लसीची ताकद ‘डी’ प्रतिजनाच्या एककांत मोजतात.

टोचायची पोलिओ लस बनवणारे शास्त्रज्ञ जोनास साल्क यांच्या लसीत उष्णतेऐवजी फॉर्मॅलिन वापरलं: प्रमाण १:४०००, तापमान सुमारे ३७ अंश, मुदत साधारण १२ दिवस. इथे एक शब्द जपून वापरायला हवा. फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. त्यामुळे मिश्रणात प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड ०.०१ टक्क्याहूनही कमी असतं. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकले की आकडा जवळजवळ तिपटीने चुकतो. फॉर्माल्डिहाइड आरएनएमधल्या बेसना (त्याच्या साखळीतल्या घटकांना) जडतं, तसंच प्रथिनांतल्या लायसिनसारख्या अमिनो आम्लांनाही जडतं आणि त्यांच्यात आडवे पूल बांधतं. कवच घट्ट होतं, कण टिकाऊ होतो. पण काही प्रतिजनी जागा झाकल्या जातात आणि रसायनाला आत शिरणंही हळूहळू अवघड होतं. सुरुवातीला सक्रिय विषाणू झपाट्याने घटतात, मग घट मंदावते. सुरुवातीच्या दिवसांचा वेग तसाच पुढे धरून मुदत ठरवली की घात होतो. कणांच्या गुठळ्या झाल्या असतील तर मधले कण सुटतातच. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लसीत सक्रिय विषाणू राहून गेला. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला आणि १० जण दगावले. त्यानंतर गुठळ्या काढण्यासाठी प्रक्रियेच्या मध्येच पुन्हा गाळण्याची पायरी आली. अशा संदर्भात ‘जिवंत विषाणू राहिला’ यापेक्षा ‘सक्रिय विषाणू राहिला’ लिहावं. ‘जिवंत विषाणूची लस’ हा वेगळाच, क्षीण केलेल्या विषाणूच्या लसीचा प्रकार आहे.

निष्क्रिय करणारं दुसरं रसायन, बीटा-प्रोपिओलॅक्टोन, मुख्यतः ग्वानिन या बेसवर हल्ला करतं. रेबीजच्या अनेक लसींत आणि कोव्हॅक्सिनमध्ये तेच वापरलं आहे. साधारण १:२००० ते १:४००० प्रमाणात, ४ अंशांवर दिवसभर ठेवतात. मग ३७ अंशांवर दोनेक तास ठेवलं की उरलेलं रसायन पाण्याशी विघटित होतं. हा त्याचा मोठा फायदा, पण विघटनातून आम्ल तयार होतं. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) कमी पडला तर पीएच घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनसारखी आम्लाला संवेदनशील प्रथिनं आकार बदलून बसतात. २०२० मध्ये बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेल्या कोरोना विषाणूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमांत स्पाइक प्रथिनं बव्हंशी खिळ्यासारखी, म्हणजे पेशीपटलाशी एकरूप झाल्यानंतरच्या रूपात दिसली. फॉर्माल्डिहाइड वापरलेल्या नमुन्यांत बहुतेक आधीच्या रूपातच होती. सगळा दोष रसायनाला देता येत नाही, कारण सुरुवातीच्या वाणांचं स्पाइक मुळातच सैल होतं. सूक्ष्मदर्शकासाठी मात्र फॉर्माल्डिहाइड टक्क्यांच्या प्रमाणात घालतात, आणि त्या क्रियेला ‘स्थिरीकरण’ म्हणावं. लसीतलं ‘निष्क्रियीकरण’ त्याहून कितीतरी सौम्य असतं.

लाळ्या-खुरकूत रोगाच्या लसीत बायनरी एथिलीनइमाइन वापरतात. ते आरएनएला लक्ष्य करतं आणि प्रथिनांना फारसं छेडत नाही. उरलेलं रसायन सोडियम थायोसल्फेटने मारतात. तरीही पीएच ६.५ च्या खाली गेला की १४६एस हा अखंड कण १२एस तुकड्यांत फुटतो (‘एस’ म्हणजे कण किती वेगाने तळाशी बसतो त्याचं एकक), आणि लसीची ताकद त्या अखंड कणांवरच असते.

आणखी दोन शब्दांची गल्लत होते. प्रथिनांचं ते ‘कवच’, त्यावरचं मेदाचं ते ‘आवरण’. पोलिओला आवरण नाही, फ्लूला आहे. फ्लूच्या बऱ्याच लसींत निष्क्रिय केलेल्या विषाणूचं आवरण डिटर्जंटने विरघळवतात. तिला ‘विखंडित विषाणूची लस’ म्हणावं. तिथे अखंड कण उरत नाही, पण हिमॅग्लुटिनिनचं रूप सांभाळलेलं असतं. म्हणून ‘नष्ट’ हा शब्द तिथेही बसत नाही.