मीटिंगला गावातलं कुणी भेटलं तर?

कोरेगाव तालुक्यातल्या एक ताई साताऱ्याला समुपदेशनाला आल्या होत्या. मिस्टर रोज पिणारे. आधी एक क्वार्टर पुरायची, आता दोन लागतात. यंदा मात्र त्यांनी आपणहून विषय काढला होता, आषाढीपासून बंद करतो म्हणाले होते. ए.ए.च्या म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जायचीही तयारी होती. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी : "तिथं आपल्या सोसायटीतलंच कुणी भेटलं तर? पोरीचं जमवायचं चाललंय."

त्याआधी दुसराच प्रश्न विचारावा लागला. सकाळी त्यांचे हात थरथरतात का? ताई म्हणाल्या, कप धरवत नाही, चहा बशीत ओतून बशी दोन्ही हातांनी धरतात. एवढं कळल्यावर आषाढीचा मुहूर्त बाजूला ठेवला. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दिवसातच थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जातो, त्याला नसलेलं दिसू-ऐकू येऊ लागतं. यात जीवही जातो. म्हणून आधी सिव्हिल किंवा मानसोपचार तज्ज्ञ, गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व, आणि मग मीटिंग. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन'ही आहे. जेवणातून गुपचूप द्यायच्या पावडरीबद्दल ताईंनी विचारलंच. ते अजिबात करू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू गेली, तर रक्तदाब कोसळतो.

आता मूळ काळजी. त्या खोलीत सोसायटीतला माणूस भेटला, तर तोही दारूच्या त्रासापायीच आलेला असणार. तुमचं नाव बाहेर काढायचं तर त्याला स्वतःचंही काढावं लागेल. तिथं हजेरीपट नसतो, आडनाव सांगायची सक्ती नसते, फी नसते. शेवटी पिशवी फिरते, त्यात नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. अर्थात गुप्तता ही तिथली रीत आहे, कायदा नव्हे, त्यामुळे बाहेर जाऊच नये अशी गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून टाकू नये. आणि खरं सांगायचं, तर गावाला पिण्याची खबर केव्हाच असते.

खुली आणि बंद अशा दोन प्रकारच्या मीटिंग असतात. खुल्या मीटिंगला घरचे सोबत बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. ठिकाण आणि वेळ ए.ए.च्या हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारली तर कळते. सरकारी 14446 हा मोफत नंबरही उपचाराची वाट सांगतो. पण छापील यादीवर विसंबून निघू नका, वेळा बदलतात. त्याच दिवशी फोन करून विचारा : आज आहे का, खुली की बंद, कुठल्या गेटनं आत यायचं, आणि स्टँडवर कुणी घ्यायला येईल का. बहुतेक वेळा येतं कुणीतरी.

आत तास-दीड तास जातो. सुरुवातीला प्रार्थना, थोडं वाचन, मग एकेक जण आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. 'मला आज फक्त ऐकायचंय' म्हटलं की पुरे. 1935 साली अमेरिकेत हे सुरू झालं तेच दोन पिणाऱ्यांच्या बोलण्यातून, म्हणून व्यासपीठावर तज्ज्ञ शोधू नका. जुना सदस्य डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर म्हणाला, तर ते ऐकायचं नाही. तसं सांगणं ए.ए.ला स्वतःलाच मान्य नाही.

या कुटुंबात घोटाळा झाला तो वेगळाच. ओळख नको म्हणून मिस्टरांनी लांबच्या तालुक्याचा ग्रुप धरला. मीटिंग सुटायची साडेआठला, नंतर गावाची एसटी नाही. स्टँडवर तासभर ताटकळायचं, समोर परमिट रूमची पाटी, पोटात सकाळचं जेवण. दोनदा गेले आणि जाणं थांबलं. ताईंना वाटलं, मन नाही. मन होतं, गाडी नव्हती. लांबचा ग्रुप पहिल्या एक-दोन वेळांना ठीक, कायमचा धरायचा तो ज्याची परतीची गाडी मिळते तो. त्यांनी जवळचा ग्रुप धरला, तिथल्याच एका जुन्या सदस्याची मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत सोडू लागली. निघण्याआधी पोटभर खायचं आणि खिशात कंदी पेढा ठेवायचा, साखरेचा त्रास असेल तर फुटाणे. उपाशी पोटी तलफ जास्त जोर करते.

एका मीटिंगवरून ठरवू नका. ग्रुपागणिक माणसं वेगळी असतात, पाच-सहा मीटिंग तरी बघा. रोज येणं जमणार नसेल तर मधल्या दिवशी ऑनलाइन मीटिंग किंवा जुन्या सदस्याला फोन. पाय घसरला तरी पुढच्या मीटिंगला जायचंच, कुणी हाकलत नाही. पिऊन गेलं तर बहुतेक ठिकाणी गप्प बसू देतात, बोलू देत नाहीत.

ताईंसाठी एक पथ्य : घरी आल्यावर 'आज काय बोललात?' हे विचारायचं नाही. ताईंना स्वतःचं बोलायला अल-अनॉन आहे, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचं. मिस्टर मीटिंग चुकवोत की जावोत, ताईंनी तिथं जात राहायचं.