वाचकांचे प्रश्न : युरोपच्या सफरीतली कलाखरेदी

प्रश्न : हैदराबादला जाणे झाले की मी सालारजंग संग्रहालय आवर्जून पाहतो. तेथील बायबलमधल्या रेबेकाच्या संगमरवरी मूर्तीच्या चेहऱ्यावरचा झिरझिरीत पदर पाहून विचारावेसे वाटते, की पूर्वी युरोपची सफर करणारे धनिक अशा वस्तू कशा निवडत आणि त्यांतले खरे-खोटे त्यांना कळत असे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोममध्ये घेतली. या वाटेने त्याआधीच्या शतकात इंग्रज उमरावांची मुले गेली होती. शिक्षण संपत आले की सोबत शिक्षक घेऊन पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स पाहून यायचे, रोममध्ये बातोनी या चित्रकाराकडून स्वतःचे चित्र काढून घ्यायचे आणि व्हेनिसची आठवण म्हणून कानालेत्तो या चित्रकाराने काढलेली त्या शहराची चित्रे घ्यायची, अशी रीतच पडली होती.

निवड मात्र बहुधा मध्यस्थच करीत. कानालेत्तोच्या चित्रांचे व्यवहार व्हेनिसमधील जोसेफ स्मिथ पाहत असे. त्याचा स्वतःचा संग्रह १७६२ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने विकत घेतला. रोममध्ये टॉमस जेंकिन्स हा विक्रेता प्राचीन शिल्पे पुरवी. जमिनीतून निघालेली शिल्पे बहुतेक भग्न असत आणि गिऱ्हाइकाला ती अखंड हवी असत, म्हणून विक्रीपूर्वी नाक, हात, मस्तक नव्याने जोडले जाई. रोमजवळ तिवोली येथे हाड्रियन या रोमन सम्राटाच्या प्रासादाच्या अवशेषांत १७९१ मध्ये सापडलेला थाळीफेक्याचा पुतळा चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने घेतला, तेव्हा त्याला खाली पाहणारे मस्तक बसवलेले होते. हा पुतळा म्हणजे एका ग्रीक शिल्पाची रोमन प्रत; मूळ रचनेत तो मागे वळून हातातल्या थाळीकडे पाहतो, हे दुसऱ्या एका प्रतीवरून दिसते. टाउनलीसारख्या जाणकारालाही अशी जोडकामाची मूर्ती मिळाली, यावरून नवख्यांची स्थिती समजावी. त्याची शिल्पे ब्रिटिश म्युझियमने १८०५ मध्ये २०,००० पौंडांना घेतली; थाळीफेक्या तेथे आजही त्याच मस्तकानिशी उभा आहे. माझ्या मते ही चूक दुरुस्त न करणेच योग्य, कारण त्या काळच्या बाजाराचा तोही पुरावा आहे.

माल इटलीतील लिव्होर्नो बंदरातून पेट्यांत भरून जाई. १७७९ मध्ये वेस्टमोरलँड हे इंग्रज जहाज फ्रेंचांनी पकडून स्पेनमधील मालागा बंदरात नेले. त्यात पुतळे, पुस्तके आणि छापील चित्रांबरोबर पार्मेझान चीजचे ३२ गोल गड्डेही होते. कलावस्तूंचा मोठा भाग स्पेनच्या राजाने घेतला आणि माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीकडे सोपवला. फ्रान्सिस बॅसेट या तरुणाने बातोनीकडून काढून घेतलेले स्वतःचे चित्र याच जहाजावर होते. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.