१९९० सालची एमएक्स-५ रोज चालवली तर क्रँक जाईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. १९९० सालची, १.६ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५ रोज कामावर न्यायची तर ऑइल कोणतं घालायचं, ही एक. दुसरी अशी की, या गाडीला ‘शॉर्ट नोज’ म्हणजे आखूड टोकाचा क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आहे म्हणून ती रोज चालवू नये, पंधरा दिवसांतून एकदा काढावी आणि पुन्हा झाकून ठेवावी, असं तुम्हाला सांगितलं गेलंय, ते खरं का. ऑइलचं शेवटी सांगतो. दुसऱ्या सल्ल्यावर मात्र मला गप्प बसवत नाही. या एका समजापायी चांगल्या चालत्या गाड्या झाकल्या जागी सडताना पाहिल्यात.

क्रँक रोज चालवल्याने जात नाही. त्याचा पुढचा बोल्ट कुणीतरी चुकीचा आवळतो, म्हणून जातो.

१९८९ पासून १९९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड आहे. त्या टोकावर टायमिंग बेल्टची (क्रँकच्या फिरण्याबरोबर व्हॉल्व उघडवणाऱ्या दातेरी पट्ट्याची) दातेरी पुली आणि तिच्यापुढे बाहेरच्या पुलीचा गाभा बसतो. दोन्ही जागेवर धरून ठेवतो तो मधला एकच मोठा बोल्ट, २१ च्या सॉकेटचा. त्या टोकावरच्या खाचेत एक चावी, म्हणजे धातूचा छोटा तुकडा, असते. ती फक्त पुली नेमक्या कोनात बसावी म्हणून आहे, भार घ्यायला नव्हे. भार घ्यायचा तो बोल्टच्या दाबाने. दाब कमी पडला की इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला पुली केसभर मागेपुढे होते, चावी खाचेच्या कडा खात जाते आणि खाच रुंदावते. पुढे सगळं झपाट्याने बिघडतं. यात गाडी आठवड्यात किती किलोमीटर पळाली याला काही महत्त्व नाही. बोल्ट शेवटचा कुणी आणि कसा बसवला, ते महत्त्वाचं.

आणि तो बोल्ट उगाच कुणी सोडत नाही. टायमिंग बेल्टच्या कामात क्रँकचं पुढचं ऑइल सील बदलायचं असतं तेव्हा तो निघतो. म्हणजे ज्या दिवशी गाडीची नीट काळजी घेतली असं मालकाला वाटतं, नेमक्या त्याच दिवशी हे दुखणं आत शिरतं.

अशीच एक गाडी मी उघडली होती. एका गॅरेजने बेल्ट, सील, वॉटर पंप सगळं नवं घातलेलं. तीन-चार महिन्यांत खालच्या आरपीएमवरची ताकद गेली, चढावर गिअर एक खाली आणावा लागायचा, इंजिन रिकामं फिरताना थरथरायचं. गॅरेजवाल्यांनी टायमिंग लाइट (प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावली, खूण १० अंशांवर बरोबर दिसली, म्हणून त्यांनी इंजेक्टर धुतले, प्लग बदलले, वायरी बदलल्या. खूण दिसणारच होती, कारण ती पुलीवर असते. पुलीच क्रँकवर सरकली तर खूणही तिच्याबरोबर सरकते. तपासायचं तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकात प्लास्टिकची लांब कांडी सोडायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि पिस्टन सगळ्यात वर आला की पुलीची शून्याची खूण जुळते का ते पाहायचं. कांडी धातूची नको. त्या गाडीत खूण बोटभर मागे होती. बोल्ट साध्या पान्याला लगेच सुटला, चावी एका बाजूने झिजलेली, खाचेची कड गोल झालेली. जुनाच बोल्ट हवेच्या गनने मारलेला होता. मालकाला सांगितलं काय, तर ‘या मॉडेलचा क्रँकच कमजोर, त्यात तुम्ही रोज पळवता.’

शॉर्ट नोजला हा बोल्ट १०८ ते ११८ न्यूटन-मीटर लागतो. नंतरच्या लांब टोकाच्या क्रँकला १५७ ते १६६. दोन्ही आकडे एकाच मॅन्युअलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत सापडतात आणि इथेच गफलत होते. आपला क्रँक कोणता हे पुढून पुलीच्या गाभ्याकडे पाहून कळतं: बोल्टभोवती ४ खाचा असतील तर शॉर्ट नोज, ८ असतील तर लाँग नोज. पुढच्या बेल्टच्या कामाच्या वेळी बोल्ट नवा घ्या, चावी नवी घ्या, टोक आणि आटे तेलकटपणा जाईपर्यंत पुसा, चावी खाचेत पूर्ण खाली बसली आहे हे डोळ्यांनी बघा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. गन नकोच. खाच थोडीच खाल्ली असेल तर नवी चावी आणि लॉकटाइट ६६० (फट भरून कडक होणारं रसायन) भरून, पुली नेमकी जुळवून, २४ तास हात न लावता ठेवली तर काम टिकतं. टोकच वेडंवाकडं झालं असेल तर क्रँक बदलणं आलं.

बेल्टचं काम निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. बेल्ट साधारण १,००,००० किलोमीटरला बदलतात. वर्षं मोजली तर दहाच्या पुढे ठेवू नका. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व पिस्टनवर आपटत नाहीत, म्हणून लोक निवांत राहतात. पण गाडी भर रस्त्यात बंद पडते ती पडतेच. बेल्टबरोबर दोन्ही कॅमची (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांची) पुढची सीलं, क्रँकचं सील, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि वॉटर पंप एकाच वेळी घाला. एवढंच पुन्हा उघडायचं म्हणजे सगळी मेहनत पुन्हा. बेल्ट चढवल्यावर कॅमच्या ‘आय’ आणि ‘ई’ या दोन खुणांमध्ये १९ दात मोजा. मग टेन्शनर लगेच आवळू नका: इंजिन घड्याळाच्या दिशेने १ पूर्ण आणि ५/६ फेरा फिरवा, टेन्शनरचा बोल्ट सैल करा, स्प्रिंगला तिचं काम करू द्या आणि तेव्हा आवळा. त्यानंतर आणखी दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहा. टेन्शनर हाताने दाबून आवळला की बेल्ट फार ताणला जातो आणि किंचाळतो.

आता झाकून ठेवण्याबद्दल. उभ्या गाडीत काय होतं ते सांगतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि कॅलिपरचा पिस्टन आतून गंजतो. मागच्या कॅलिपरचा हँडब्रेकचा लिव्हर जाम होतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पेट्रोल शिळं होतं. टप्पेटमधलं (कॅम आणि व्हॉल्वमधल्या, ऑइलने भरलेल्या भांड्यांमधलं) ऑइल उतरतं आणि सुरू करताना टकटक येते. कूलंट हलत नाही, पण त्यातलं गंजरोधक संपतच असतं. टायरमध्ये भरपूर रबर दिसतं, पण बाजूला छापलेले चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ओल्या वळणावर दहा वर्षांचा टायर झिजलेल्या टायरइतकाच धोक्याचा. पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवर चालवणं तर सगळ्यात वाईट. तेवढ्यात ऑइल तापत नाही, एक्झॉस्टमधलं पाणी उडत नाही, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला तर काहीच मिळत नाही. म्हणून रोज चालवा. माझ्या मते या गाडीला तोच सगळ्यात मोठा औषधोपचार आहे.

रोज चालवायची तर आधी रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी पाहा. नवी असताना ती काळी असते. तपकिरी झाली असेल तर तडकायच्या बेतात आहे, वाट न पाहता बदला. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर भरवसा नको. तो मध्यावर स्थिर बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. कूलंट साधारण ६ लिटर बसतं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड थोडं उंच करा, म्हणजे हवा अडकणार नाही.

क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) गिअरबॉक्सच्या बाजूला दोन १२ च्या बोल्टांवर असतो. त्याचं रबरी बूट बोटाने उचला. आत ओल असेल तर तो गेला. सकाळी पहिला गिअर पडत नाही आणि पेडल दोनदा मारलं की पडतो, ही त्याची खूण. वरचा मास्टर सिलिंडरही त्याच वेळी बदला, कारण नव्या स्लेव्हनंतर जुना मास्टर फार दिवस तग धरत नाही.

इंजिनाच्या हेडच्या मागे, केबिनकडच्या भिंतीजवळ, कॅम अँगल सेन्सर (कॅम कुठल्या कोनात आहे ते सांगणारा) आहे. त्याची ओ-रिंग कडक होते, ऑइल बेल हाउसिंगवरून (गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच झाकणाऱ्या भागावरून) खाली उतरतं आणि गॅरेजवाले क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला निघतात. आधी वर हात घालून पाहा. सेन्सर काढण्याआधी त्याच्या बैठकीवर खूण करा, नंतर टायमिंग १० अंशांवर आणा.

छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, सीट बेल्टच्या मागे, पाणी जायची भोकं आहेत. ती तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळीत साठतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून कुजतो. या गाडीचा खरा शत्रू तो आहे, क्रँक नव्हे. दर दोन-तीन महिन्यांनी नायलॉनची लवचिक दोरी खाली सोडून भोकं मोकळी करा. स्क्रूड्रायव्हर घालाल तर आतली नळीच निखळेल. वरून मगभर पाणी ओतून खाली पडतं का ते बघा. छत खाली करण्याआधी मागच्या खिडकीची चेन उघडा, नाहीतर प्लास्टिक मोडतं. थंडीत मुळीच दुमडू नका. बॅटरी डिकीत असते, ती नळी लावता येणारी सीलबंद घ्या. साध्या ॲसिडच्या बॅटरीने डिकीचा पत्रा जातो.

हँडब्रेक वर खेचूनही धरत नसेल तर केबल ताणू नका. मागच्या कॅलिपरच्या आतल्या बाजूला १४ चा एक बोल्ट आहे, तो काढला की आत ४ मिलिमीटरचा ॲलन लागतो. पॅड डिस्कला टेकेपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि एकतृतीयांश फेरा मागे घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला.

गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं, साधारण २ लिटर. आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा. उलट केलंत आणि वरचा प्लग सुटलाच नाही, तर गाडी ऑइलविना जॅकवर अडकते. गिअर लिव्हरच्या तळाशी वेगळी वाटी आहे, तिच्यात ऑइल वेगळं भरावं लागतं, साधारण ८० मिलिलिटर. तिथलं रबरी बूट फाटलं की केबिनमध्ये धग आणि आवाज दोन्ही येतात, आणि लिव्हर खडखडतो. ही वाटी बहुतेक कुणी उघडतच नाही.

चालवताना एवढंच पाळा: काटा मध्यावर आला म्हणजे पाणी गरम झालं, ऑइल नाही. त्यानंतरही पाच-सात किलोमीटर ३,००० आरपीएमच्या आत राहा. थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो, तेव्हा तो दामटू नका, पहिल्यातून सावकाश आणा. पुढे-मागे हवा २६ पीएसआय. ओल्या वळणावर अचानक ॲक्सिलरेटर सोडलात तर मागचा भाग फिरतो. वेग वळणाआधीच कमी करा.

ऑइल: चांगलं १०डब्ल्यू-३०, फिल्टरसह साधारण साडेतीन लिटर, दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. टकटक राहिली तर एकदा लवकर बदलून पाहा, बहुतेक वेळा जाते. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली आहे, हात खालून घाला.

एक-दोन अटी आहेत. तुमचं कामाचं ठिकाण तीन-चार किलोमीटरवर असेल तर ऑइल कधीच तापणार नाही. मग बदल अर्ध्या अंतरावर करा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. रस्त्यावर मीठ टाकतात अशा दिवसांत मात्र तिला घरीच ठेवा, इथे झाकणाऱ्यांचं बरोबर आहे. आणि आज संध्याकाळी बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून पुढच्या पुलीकडे बघा. ती डुगडुगत असेल तर बोल्ट तपासेपर्यंत गाडी चालवू नका.